बाळ एनआयसीयूत आहे, आई-वडिलांनी नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २९ आठवड्यांची मुलगी, वजन ११५० ग्रॅम, जन्माचा आज तिसरा दिवस. आईचं बीपी वाढलं म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात तातडीने सिझर झालं आणि बाळाला जिल्ह्याच्या गावी खासगी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हलवलं. आई अजून तिकडेच, चाळीस किलोमीटरवर. बाळ सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावर. वडील काचेबाहेर. डॉक्टर म्हणतात ७२ तास काही सांगता येणार नाही, आईला दूध उतरलेलं नाही, आणि घरातले मोठे सांगतात, "फार जीव लावून घेऊ नका." वडील विचारतात, यात मी करू तरी काय?

दादा, मी तेवीस वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे, आधी सरकारी दवाखान्यात आणि आता खासगीत. तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण मला त्यात दोन दिसतात. हाताला काम काय, हा एक. दुसरा तुम्ही घरच्यांच्या तोंडून लिहिलाय: या बाळात जीव गुंतवायचा, की थोडं लांबच राहायचं? दुसऱ्याचं उत्तर मनाशी ठरलं नाही तर पहिल्याचा उपयोग होत नाही, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

"जीव लावू नका" असं सांगणारी माणसं वाईट नसतात. त्यांच्या काळात सव्वा किलोचं बाळ राहत नव्हतं. तुमच्या आजीने एखादं असं बाळ गेलेलं पाहिलं असेल आणि ती तुम्हाला त्या दुःखापासून वाचवायला बघतेय. पण एक गोष्ट मी माझ्या अनुभवातून अगदी ठामपणे सांगते. आमच्याकडून काही बाळं घरी गेली नाहीत. त्यांच्या आई-वडिलांपैकी कितीतरी जण मला नंतर भेटले, काही तर वर्षांनी. "उगाच जवळ घेतलं" असं त्यातलं कुणीही म्हणालं नाही. "एकदा तरी घ्यायला हवं होतं" असं म्हणणारे मात्र भेटले. त्यातल्या एका आईला मीच अडवलं होतं. माझी नोकरी तेव्हा नवी होती. ती हात पुढे करत होती आणि मी म्हणाले, "ताई, हात नका लावू, इन्फेक्शन होईल." बाळ नवव्या दिवशी गेलं. हात धुऊन तिला हात लावू द्यायला काहीच हरकत नव्हती, हे मला आज माहीत आहे, आणि ते मी विसरत नाही.

तुमची मुलगी वाचेल का, हे मी सांगू शकत नाही. इथून कुणीच सांगू शकणार नाही. आठवडे किती आणि वजन किती, हे दोन आकडे महत्त्वाचे. त्याखेरीज प्रसूतीआधी आईला बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळाली होती का, जन्मल्यावर बाळ लगेच रडलं का, प्रवासात ते गार पडलं का, जंतुसंसर्ग झालाय का, यावर बरंच अवलंबून असतं. हे डॉक्टरांना विचारा. एवढं मात्र सांगते की २९ आठवड्यांची, याच वजनाची पुष्कळ बाळं मी स्वतः दुपट्यात गुंडाळून घरी पाठवली आहेत.

७२ तास का म्हणतात, तेही समजून घ्या म्हणजे घड्याळाकडे बघणं थोडं सोपं जाईल. फुप्फुसातल्या बारीक पिशव्या मिटू नयेत म्हणून आत एक पदार्थ असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४ वा आठवडा उजाडतो. तुमची लेक त्याआधीच आलीय, म्हणून तिला श्वासाला जोर पडतो. हा त्रास पहिले दोन-तीन दिवस वाढतो आणि मग तिचं शरीर स्वतः तो पदार्थ करू लागलं की उतरू लागतो. दुसरी काळजी मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्यांची. त्यातून रक्तस्राव व्हायचा असेल तर बहुतेक वेळा याच तीन दिवसांत होतो, म्हणून डोक्याची सोनोग्राफी करतात. म्हणजे डॉक्टर तुम्हाला टाळत नाहीयेत. आज तिसरा दिवस आहे, त्यातले बरेच तास तुमच्या मुलीने काढलेत. पुढचे आठवडेही सरळ जात नाहीत. दोन दिवस छान, एक दिवस मागे, असं चालतं. वजन तर पहिल्या आठवड्यात कमीच होतं, दहा टक्के किंवा थोडं जास्तही, आणि जन्माच्या वजनावर परत यायला दहा-पंधरा दिवस लागतात. हे कुणी आधी सांगितलेलं नसलं की आई-वडील वजनाचा आकडा बघून खचतात.

आता हाताच्या कामाकडे येते. सगळ्यात मोठं काम दूध. यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण उशीर झाला तर हे काम हातातून जातं.

आईला दूध उतरलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. सिझर, बीपीची औषधं, त्यात बाळ जवळ नाही. तिसऱ्या दिवशी दुधाची धार लागली नाही तर त्यात नवल नाही आणि तिची चूकही नाही. तिला हे तुम्ही सांगा, तुमच्या तोंडून. बाळ ओढत नसेल तर छातीला हाताने सांगावं लागतं की बाळ आहे आणि त्याला दूध हवंय. दर दोन-तीन तासांनी, दिवसाला आठ ते दहा वेळा, आणि रात्री निदान एकदा पिळायचं. रात्रीचं चुकवू नका, त्या वेळी शरीर दुधासाठी चांगलं साथ देतं. हात साबणाने धुवायचे, छातीवर गरम ओला पंचा ठेवायचा, हलक्या हाताने चोळायचं. मग अंगठा वर आणि बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी मागे छातीकडे दाबायचं आणि मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची. बोंडी ओढायची नाही, त्याने नुसतं दुखतं. पहिले दोन दिवस वाटीचा तळ ओला होईल एवढंच येतं. आया ती वाटी बघून रडतात आणि धुऊन टाकतात. असं करू नका! तो चीक आहे. तुमच्या बाळाचं एक वेळचं जेवण आत्ता एक-दोन मिलिलीटर असतं, नळीतून. त्या तळच्या चार थेंबांत तिचं जेवण आहे. काही ठिकाणी आम्ही ते थेंब कापसाच्या काडीने बाळाच्या गालाच्या आतून फिरवतो.

कमी दिवसांच्या बाळाच्या आईचं दूधही वेगळं असतं, त्यात प्रथिनं जास्त असतात. पावडरच्या दुधाने अशा बाळांच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका वाढतो, आईच्या दुधाने तो कमी होतो. म्हणून आम्ही सिस्टर लोक दुधासाठी मागे लागतो. बीपीच्या नेहमीच्या बऱ्याच गोळ्या अंगावर पाजताना चालतात, पण तिला कोणत्या सुरू आहेत ते बाळाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून विचारा. न विचारता दूध बंद करू नका, आणि गोळीही.

आणि ते चाळीस किलोमीटर. हे काम तुमचं, दादा. आधी एनआयसीयूत विचारा, बाहेरून आणलेलं दूध घेता का, डबी कोणती हवी. बहुतेक ठिकाणी निर्जंतुक डबी तेच देतात. डबीवर आईचं नाव, तारीख, पिळल्याची वेळ लिहायची. फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध आम्ही २४ तासांच्या आत वापरतो. आणताना थर्मासमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत ठेवा, गाडीच्या डिकीत उन्हात नको. एका वडिलांना मी महिनाभर पहाटेच्या एसटीने अशी पेटी मांडीवर घेऊन येताना पाहिलं आहे. पेटी माझ्या हातात देताना ते रोज विचारायचे, "काल किती मिली घेतलं?" त्यांना बाळाच्या आहाराची वहीच पाठ झाली होती.

दूध अगदीच कमी पडलं तर जवळ मानवी दुधाची पेढी आहे का, हे विचारा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी अशी पेढी सुरू केली, आशियातली पहिली. तिथलं दान केलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून जंतुमुक्त करतात. तुमच्या जिल्ह्यात अशी सोय असेलच असं नाही. असली तरी ती आईच्या दुधाची उणीव भरून काढण्यापुरती, त्याच्या जागी नव्हे.

आईला डिस्चार्ज मिळाला की घरचे म्हणतील, बाळंतीण आहे, सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. बाळंतिणीला जपायलाच हवं, यात मला काही चूक दिसत नाही. पण तिचं बाळ दवाखान्यात आहे, तेव्हा तिचं बाळंतपणही दवाखान्याजवळच व्हायला हवं. कानाला रुमाल बांधून, पोटाला पट्टा बांधून येऊ द्या. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू डब्यातून येऊ शकतो. नातेवाइकांकडे, धर्मशाळेत, दवाखान्याच्या आवारातल्या खोलीत, कुठेही सोय करा, पण दोघींमधले चाळीस किलोमीटर कमी करा. तिचं बीपी मात्र प्रसूतीनंतरही तपासत राहावं लागतं. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बाळाकडे धावत येण्याआधी तिला दाखवा.

दुसरं काम हाताचंच, पण वेगळं. विभागातल्या सिस्टरना विचारा, "हात धुऊन पाच मिनिटं बाळावर हात ठेवू का?" सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ, या ड्युटी बदलायच्या वेळी विचारू नका, तेव्हा आम्ही एकमेकींना प्रत्येक बाळाची माहिती देत असतो. अंगठी, घड्याळ, कडं, हातातला धागा काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. आमच्याकडे जंतूंचीच सगळ्यात जास्त भीती असते, आणि ते हातांवरून येतात. मग एक तळवा बाळाच्या डोक्याला आणि दुसरा पावलांना, असं नुसतं धरून ठेवायचं. थोपटू नका, बोटाने गोंजारू नका. एवढ्या कमी दिवसांच्या बाळाला हलका स्पर्श गुदगुल्यांसारखा टोचतो, स्थिर आणि ऊबदार हात मात्र आवडतो. पोटात ते असंच सगळीकडून धरलेलं होतं. बोटं फाकवली, उचकी लागली, जांभई देऊन तोंड फिरवलं, रंग बदलला, तर समजा की आता पुरे. हळू आवाजात बोला. तुमचा आवाज तिने पोटात असताना ऐकलेला आहे.

बाळ थोडं स्थिर झालं की कांगारू पद्धतीबद्दल स्वतःहून विचारा. पुरेसे इनक्युबेटर नव्हते म्हणून कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी बाळांना आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. ती अडचणीतली सोय होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मल्याबरोबर कांगारू सुरू केलेल्या बाळांमध्ये मृत्यू २५ टक्क्यांनी कमी आढळले, तेही आधी स्थिर होईपर्यंत थांबून मग कांगारू दिलेल्या बाळांच्या तुलनेत. २०२२ पासून संघटना सांगते की कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला रोज ८ ते २४ तास असं ठेवावं. प्रत्यक्षात सगळीकडे ते घडत नाही. जागा कमी, सिस्टर कमी, काही ठिकाणी जुनी सवय. तुमच्या दवाखान्यात "सीपॅप निघाल्यावर बघू" असं म्हणतील. म्हणू द्या, भांडू नका, पण दुसऱ्या दिवशी परत विचारा. सीपॅपवरच्या बाळालाही सवयीची सिस्टर छातीवर देऊ शकते, मी शेकडो वेळा दिलं आहे.

आणि हे वडिलांनाही करता येतं. आई येईपर्यंत तुम्हीच करा. आंघोळ करून, समोरून बटणं असलेला सैल शर्ट घालून या. अत्तर नको, तंबाखू-सिगारेट तर अजिबात नको. बाळ उभं, तुमच्या उघड्या छातीवर, अंगात फक्त लंगोट, टोपी आणि मोजे, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला. बसलात की निदान तासभर उठू नका, कारण सारखं उचलण्या-ठेवण्याने बाळ दमतं. पहिल्यांदा तुमचे हात कापतील. मोठमोठ्या पैलवान गड्यांचे कापलेले मी पाहिलेत. सिस्टर शेजारी असते.

मशीनकडे किती बघायचं? थोडंच. ऑक्सिजनचा आकडा आम्ही मुद्दाम ९० ते ९५ च्या आसपास ठेवतो. बरेच वडील म्हणतात, "सिस्टर, शंभर करा ना, पैसे लागले तर लागू द्या." या बाळांना जास्त ऑक्सिजन डोळ्यांना घातक ठरतो, म्हणून आम्ही करत नाही. अलार्म वाजला की बहुतेक वेळा पायाची तार सरकलेली असते. कधी बाळ श्वास घ्यायला विसरतं, मेंदूचं ते केंद्र अजून कच्चं असतं. त्यासाठी कॅफिनचं औषध देतात, आणि विसरलंच तर तळव्याला टिचकी मारून आठवण करून देतो. अलार्म वाजल्यावर सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघा. ती शांतपणे चालत येत असेल तर तुम्हीही शांत राहा.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर हे वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात, त्याला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो. वेळेत सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते, नाही सापडला तर मूल कायमचं आंधळं होऊ शकतं. आपल्याकडे ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाची तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. तुमची मुलगी ११५० ग्रॅमची आहे. बाळ तोवर दुसऱ्या दवाखान्यात हललं असेल, घरी गेलं असेल, तरी तारीख चुकवू नका. या गडबडीतच तपासण्या राहून जातात.

वही म्हणाले, ती आजच घ्या. रोज वजन, किती मिली दूध, ऑक्सिजन किती टक्के, आणि डॉक्टरांना विचारायचा एक प्रश्न. "बाळ कसं आहे?" विचारलं की "सीरियस आहे, बघू" एवढंच उत्तर मिळतं. "कालच्यापेक्षा आज काय बदललं?" असं विचारा. घरच्या पन्नास फोनांना तुम्ही किंवा तुमच्या पत्नीने उत्तर देऊ नये. एक मेहुणा, एक चुलतभाऊ नेमा, बाकीच्यांनी त्याला विचारावं.

पैशाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण खासगी एनआयसीयू म्हटल्यावर ते मनात असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नवजात बाळांचे उपचार आहेत, पण दवाखाना योजनेत असायला हवा. असेल तर तिथे योजनेची मदत करणारा आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड घेऊन आजच भेटा. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचा विशेष विभाग असतो, एसएनसीयू म्हणतात, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तिकडे हलवायचा विचार असेल तर तो लपवू नका, डॉक्टरांना स्पष्ट विचारा की बाळ हलवण्यासारखं कधी होईल, तिकडे जागा आहे का, ऊब आणि ऑक्सिजन असलेली रुग्णवाहिका कोण देईल. पैसे संपले म्हणून रात्री-अपरात्री "स्वतःच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून बाळ दुपट्यात नेणं, ज्याला आमच्याकडे डामा म्हणतात, ते कृपा करून करू नका. ते बघताना आमचे हातपाय गळतात.

घरून गुटी, मध, डोळ्यांत काजळ असं कुणी घेऊन आलं तर हात जोडून परत पाठवा. पुढे ३४ आठवड्यांच्या आसपास तिला ओढणं-गिळणं-श्वास घेणं जमायला लागेल, तेव्हा बोंडल्याने दूध सुरू होईल. ते बोंडलं घरातल्या आजीच्या हातात द्यायला मला फार आवडतं. ती ते आमच्यापेक्षा सफाईने धरते.

शेवटी एक राहिलं. आत्ता तुमच्या मुलीच्या पायाला आईच्या नावाची पट्टी आहे, "अमकीचं बाळ" अशी. बारसं पुढे ढकललं असेल, तेही मी समजू शकते. पण तिला हाक मारायला घरातलं काहीतरी नाव ठेवा आणि ते सिस्टरना सांगा. आम्ही रात्री दोन वाजता टिचकी मारताना त्याच नावाने हाक मारू.

आई कधी सुटतेय आणि दूध न्यायची काय सोय होतेय, ते कळवा. तालुक्याच्या दवाखान्यात तिला पिळून दाखवणारी सिस्टर नसेल तर तसं लिहा, फोनवर समजावता येतं. मी आज रात्रपाळीला आहे, सकाळी आठनंतर उत्तर देईन.